चष्मेवाल्यांनी पाहिलेला पक्षी

रविवारी पहाटे साडेपाच वाजता चष्मेवाले एक पायमोजा घालून दुसरा शोधत घरभर फिरत होते आणि काकू चहाचा थर्मास घेऊन दारात उभ्या होत्या.

"पलंगाखाली पाहिलंत?"

"पाहिलं. नाहीये."

"खिडकीत वाळत घातलाय तो. तुमच्या समोर."

चष्मेवाल्यांनी खिडकीकडे पाहिले. तिथे काहीतरी करडे लोंबत होते. ते पडद्याचे टोक असावे, असे त्यांनी मघाशीच ठरवून टाकले होते.

"तो होय," ते म्हणाले. "मला वाटलं, ओला असेल."

मुख्य रस्त्यावर त्यांचे चष्म्याचे दुकान होते आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीही त्यांच्या स्वतःच्या नाकावर चष्मा नव्हता. ही गोष्ट ते येणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर घालत. वर्तमानपत्रातली बारीकात बारीक जाहिरात ते घडाघडा वाचून दाखवत आणि गिऱ्हाईक नम्र होऊन ते देतील ती काच घेई. पण जवळचे जितके लख्ख दिसे, तितकेच लांबचे गेली दोन वर्षे अंधुक होत चालले होते. दुसऱ्या कुणी येऊन हीच तक्रार सांगितली असती, तर पाच मिनिटांत त्यांनी नंबर काढून दिला असता. स्वतःला त्या खुर्चीत बसवायचा मात्र त्यांना धीर होत नव्हता. जिची आयुष्यभर फुशारकी मारली ती नजरच गेली, तर दुकानात कोण येणार, ही एक भीती. आणि आपण म्हातारे झालो, ही दुसरी.

तेव्हा त्यांनी युक्त्या शोधल्या होत्या. बसथांब्यावर ते शेजारच्याशी गप्पा सुरू करत आणि बोलता बोलता आलेली बस कुठली ते काढून घेत. रस्त्यात लांबून येणाऱ्या प्रत्येकाला ते हसून हात करत. ओळखीचा निघाला तर बरेच, नाही तर उद्याचे गिऱ्हाईक. त्यामुळे गेल्या दोन वर्षांत ते गावात फार मनमिळाऊ म्हणून प्रसिद्ध झाले होते.

काकूंना हे सगळे ठाऊक होते. पण नवऱ्याची काही गुपिते त्याला कळू न देता सांभाळायची असतात, हे त्या तीस वर्षांच्या संसारात शिकल्या होत्या.

पक्षीमोजणीचे हे लचांड चष्मेवाल्यांनी आपण होऊन गळ्यात घेतले होते. गेल्या आठवड्यात बाई दुकानात आल्या होत्या. बाई म्हणजे शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई; अर्धे गाव त्यांच्या हातची छडी खाऊन मोठे झालेले. गावाबाहेरच्या तळ्यावर दर हिवाळ्यात उतरणारे पक्षी त्या अकरा वर्षे मोजत होत्या. "यंदा माणसं कमी पडतायत," त्या म्हणाल्या. "नजर चांगली असलेलं कुणी असेल तर सांगा." त्या वेळी दुकानात तीन गिऱ्हाइके बसली होती आणि तिघांनीही चष्मेवाल्यांकडे पाहिले. मग ते काय म्हणणार? "दुसरं कुणी कशाला? आम्ही दोघं येऊ की."

तळ्यावर पोचले तेव्हा नुकते फटफटत होते आणि वारा असा सुटला होता की उभ्या माणसाला दोन पावले मागे सरकावे लागे. पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या आणि काठचे लव्हाळे सपाट झोपून पुन्हा उठत होते. पंपघराच्या आडोशाला दहा माणसे खांद्याला खांदा लावून उभी होती. बाई मात्र वाऱ्यात, वही छातीशी धरून ताठ.

"सूचना ऐका," बाई म्हणाल्या, आणि पन्नाशीच्या पोस्टमास्तरांनीही खिशातले हात बाहेर काढले. "अंदाज करायचा नाही, मोजायचं. जे दिसलं नाही ते दिसलं नाही म्हणून सांगायचं, त्यात कमीपणा नाही. शहरातल्या संस्थेचं पत्र आलंय. ज्या गावातून एक जरी खोटी नोंद येईल, त्या गावाची सगळी मोजणी ते रद्द करणार. सगळी म्हणजे मागचीसुद्धा. अकरा वर्षं घालवलीत मी यात."

त्यांनी पाच तुकड्या पाडल्या आणि पिशवीतून दुर्बिणी काढल्या. त्या चारच होत्या. पाचवीची काच प्रवासात फुटली होती. सगळे एकमेकांकडे पाहू लागले, तसे चष्मेवाले पुढे झाले.

"आमची तुम्ही पोस्टमास्तरांना द्या. ज्यांना कमी दिसतं त्यांना दुर्बीण. मला काय करायचीय?"

पोस्टमास्तरांनी चष्मेवाल्यांकडूनच करून घेतलेला आपला जाड चष्मा सावरला आणि आभार मानून दुर्बीण गळ्यात घातली. काकूंनी फक्त एकदा आकाशाकडे पाहिले.

त्यांच्या वाट्याला पंपघरापासून मोडक्या धक्क्यापर्यंतचा काठ आला होता. चष्मेवाल्यांनी बघायचे आणि काकूंनी लिहायचे, असे ठरले. चष्मेवाल्यांच्या डोक्यावर काकूंनीच विणलेली तपकिरी लोकरीची टोपी होती, वर पिवळा गोंडा असलेली. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होते. आधीच धूसर असलेले तळे आता साबणाच्या पाण्यासारखे दिसू लागले होते.

"लिही. बदकं, चाळीस."

काकूंनी पाहिले. "अहो, ती हलत नाहीयेत."

"झोपलीत. थंडी किती आहे."

"दगड आहेत ते."

"दगड मलाही दिसतायत. मी दगडांच्या पलीकडची म्हणतोय."

दगडांच्या पलीकडे खरोखरच बदके होती. काकूंनी ती बोटाने एकेक करून मोजली आणि 'सतरा' असे लिहिले. तासभर असेच चालले. चष्मेवाले मोठ्या आवाजात आकडे सांगत, काकू "हं" म्हणत आणि स्वतःला दिसेल तेच लिहीत. पाणकावळे नऊ. बगळे सहा. ज्याला चष्मेवाल्यांनी घार म्हटले ते विजेच्या तारेला अडकलेले पोते होते; ते काकूंनी लिहिलेच नाही.

मग काकू चहा ओतायला म्हणून पंपघराच्या आडोशाला गेल्या, आणि तेवढ्यात वाऱ्याचा असा सोसाटा आला की चष्मेवाल्यांची टोपी डोक्यावरून सुटली. त्यांनी हात मारला, तो हवेत. टोपी एकदा गिरकी घेऊन तळ्याच्या दिशेने गेली आणि दहा हातांवर गेल्यावर त्यांच्या दृष्टीने ती जगातून नाहीशी झाली.

काकू परत आल्या. "टोपी कुठंय?"

"पाण्यात पडली. बुडाली."

"कुठं बुडाली?"

"तिथं," चष्मेवाल्यांनी अर्ध्या तळ्यावरून हात फिरवला. "माझ्या डोळ्यांनी पाहिली बुडताना."

काकूंनी स्वतःच्या डोक्याचा फुलाफुलांचा स्कार्फ सोडला आणि त्यांच्या हनुवटीखाली घट्ट गाठ मारून बांधला. चष्मेवाल्यांनी थोडा विरोध केला. पण कान इतके दुखत होते की तो फार टिकला नाही.

अर्ध्या तासाने समोरच्या काठावरून पोस्टमास्तर धावत येताना दिसले. म्हणजे काकूंना दिसले. चष्मेवाल्यांनी सवयीने हसून हात केला. पोस्टमास्तरांच्या मागून इतर तुकड्याही येत होत्या. पोस्टमास्तरांना इतका दम लागला होता की ते बाईंना नीट सांगूही शकेनात.

"बाई, मधल्या बेटाच्या लव्हाळ्यात. तपकिरी. मोठा. अर्ध्या तासापासून हललेला नाही."

बाईंनी त्यांच्या हातातून दुर्बीण घेतली आणि बराच वेळ बेटाकडे पाहिले.

"तपकिरी बगळा," त्या हळूच म्हणाल्या. "लव्हाळ्यात लपणारा. संशय आला की चोच वर करून उभा राहतो, तासन्‌तास हलत नाही. वारा आला की लव्हाळ्यासारखा नुसता डुलतो. या तळ्यावर तो कधी कुणी पाहिलेला नाही."

दुर्बीण हातोहात फिरू लागली. दुर्बिणी शाळेच्या जुन्या सामानातल्या होत्या. त्यांतून बेट दिसे, पण वाऱ्याने हात हलत आणि लव्हाळे मधे मधे येत. तरी जो तो काहीतरी पाहू लागला.

"मान वरच आहे."

"आत्ता डुलला बघा."

"छातीवर रेघा आहेत का हो?"

"आहेत. बारीक."

"मी एकट्या पोस्टमास्तरांवर आणि माझ्यावर विसंबून नोंद करणार नाही," बाई म्हणाल्या. "मला बगळाच हवा आहे, म्हणून मला बगळाच दिसेल. दुसरी खात्रीची नजर हवी." आणि मग पुन्हा तेच झाले. दहाही जणांनी चष्मेवाल्यांकडे पाहिले.

दुर्बीण त्या वेळी काकूंच्या हातात होती. त्यांनी बेटाकडे पाहिले, चक्र थोडे फिरवले, पुन्हा पाहिले. तपकिरी लोकर, उलट-सुलट टाके, आणि वर पिवळा गोंडा, जो शिवताना त्यांच्या बोटात दोनदा सुई गेली होती. एका लव्हाळ्याच्या जाड काडीवर टोपी नीट बसली होती. त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि नवऱ्याजवळ सरकल्या.

"अहो, जरा नीट बघा हं. ओळखीचं वाटतंय का काही?"

"ओळखीचं म्हणजे? पुस्तकात पाहिलाय मी."

"पुस्तकात नाही. घरात."

"घरात कुठला आलाय बगळा?"

"मी काय म्हणते, लोकरीसारखं वाटतंय ना?"

"पिसं तशीच असतात त्यांची. थंडीची फुलवलेली." काकूंनी पुढे केलेली दुर्बीण त्यांनी हातानेच बाजूला सारली, डोळ्यांवर तळवा आडवा धरला आणि दोन पावले पुढे झाले. समोर त्यांना एक करडा पट्टा दिसत होता, तो पाणी असावे; त्यावर एक पिवळट पट्टा, तो लव्हाळा असावा. पक्षी कुठे असायला हवा हे त्यांनी इतरांच्या बोटांवरून ठरवले.

"तपकिरी बगळाच," ते म्हणाले. आणि एवढ्यावर थांबणे बरे नाही असे वाटून पुढे म्हणाले, "चोच पिवळी आहे."

"पिवळी," बाई पुटपुटल्या. "बरोबर. पिवळसरच असते."

"डोळाही पिवळाच. इकडंच बघतोय."

काकूंनी डोळे मिटून घेतले.

पुढच्या पंधरा मिनिटांत बाईंनी शहरातल्या संस्थेला फोन लावला आणि तिथल्या साहेबांनी "खात्री आहे ना?" असे तीनदा विचारल्यावर तिन्ही वेळा "आमच्याकडे डोळ्यांचे जाणकार आहेत" असे सांगितले. पोस्टमास्तरांनी ओळखीच्या वर्तमानपत्रवाल्याला कळवले. गावात बातमी गेली आणि सायकलवरून, रिक्षातून, चालत अशी माणसे येऊ लागली. जो येई त्याला आधी बेट दाखवत आणि मग स्कार्फ बांधलेले चष्मेवाले.

काकूंनी नवऱ्याला चहाच्या निमित्ताने पंपघरामागे नेले.

"ती तुमची टोपी आहे."

"कुठली?"

"ती. ज्याचा डोळा तुमच्याकडं बघतोय ती."

चष्मेवाले हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी दुर्बीण त्यांच्या गळ्यात घातली आणि म्हणाल्या, "इथं कुणी बघत नाहीये. चक्र फिरवा. तुम्हाला माहितीय कसं फिरवायचं ते."

चष्मेवाल्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. आधी नुसते धुके. त्यांनी चक्र फिरवले, आणखी फिरवले, आणि गेल्या दोन वर्षांत पाहिले नव्हते असे लख्ख जग त्यांच्या डोळ्यांत शिरले. पाण्यावरची लाट न्‌ लाट. लव्हाळ्याचे तुरे. आणि मधोमध पिवळा गोंडा, वाऱ्यावर आनंदाने डुलणारा. ते कितीतरी वेळ तसेच पाहत राहिले.

"काय सुंदर दिसतंय गं सगळं," ते शेवटी म्हणाले. आणि मग त्यांनी दुर्बीण हळूच खाली घेतली.

"आता?" काकूंनी विचारले.

"वारा आहे. उडून जाईल ती. पक्षी उडाला म्हणतील."

पण नेमका तेव्हाच वारा पडला. लव्हाळे सरळ उभे राहिले आणि टोपी ऐटीत स्थिर झाली. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर हातभर लांब कॅमेरा घेऊन आला, तेव्हा चष्मेवाल्यांनी मनातल्या मनात दुकानाला कुलूप लावून टाकले. त्या कॅमेऱ्यातून टोपीचे टाकेसुद्धा दिसतील. पण फोटोग्राफरने थंडीने आखडलेल्या बोटांनी चार-पाच फोटो काढले आणि कॅमेऱ्यामागचा काडेपेटीएवढा पडदा सगळ्यांना दाखवला. त्यावर एक तपकिरी ठिपका होता. वीस डोकी त्यावर वाकली.

"आला, डोळा आला."

"पिवळा. काकांनी म्हटलं तसाच."

"मी रोज फोटो काढतो," फोटोग्राफर म्हणाला, "पण इतका शांत पक्षी पाहिला नाही."

म्हणजे ते सुटले होते. टोपी कुणी ओळखली नव्हती, ओळखणारही नव्हते. काकूंच्या तोंडून शब्द निघणार नाही, याची त्यांना खात्री होती. चष्मेवाल्यांनी थर्मासचे झाकण भरून चहा घेतला. तो त्यांना गोड लागेना.

तेवढ्यात बाई वही घेऊन त्यांच्याकडे आल्या. वाऱ्याने त्यांचे पांढरे केस चेहऱ्यावर आले होते आणि नाक लाल झाले होते. पण त्या हसत होत्या. शाळेत वर्षानुवर्षे त्यांच्या हाताखाली काढलेल्या पोस्टमास्तरांच्या मुलांनीही बाईंना कधी असे हसताना पाहिले नसेल.

"इथं सही करा," त्या म्हणाल्या. "पाहणाऱ्याची सही लागते. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी नवीन लिहायला मिळालं, आणि ते तुमच्यामुळं."

वहीत बाईंच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिले होते: तपकिरी बगळा, एक, निश्चित. एवढ्या जवळचे त्यांना स्वच्छ दिसत होते. 'निश्चित' खालची रेघ पट्टीने मारलेली होती, हेसुद्धा.

चष्मेवाल्यांनी पेन घेतले, टोपण काढले, पुन्हा लावले.

"बाई, ती माझी टोपी आहे."

"काय?"

"लोकरीची. हिनं विणलेली. मघाशी उडाली. मला लांबचं दिसत नाही बाई. दोन वर्षं झाली. दगडही दिसत नव्हते मला सकाळी. मी उगाच बोललो."

हे त्यांनी हळू आवाजात सांगितले होते. पण वारा पडलेला असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेले. आधी पोस्टमास्तर हसू लागले.

"काका, थट्टा कसली करता? टोपीला डोळा असतो का?"

"चोच मी स्वतः पाहिली," मागून कुणीतरी म्हणाले.

"मी तर ओरडताना ऐकला."

"अहो, ती टोपी आहे," चष्मेवाले म्हणाले. "तो गोंडा आहे तिचा."

"एवढा थोर माणूस, पण किती विनय बघा," रिक्षावाल्याने शेजारच्याला सांगितले.

चष्मेवाल्यांना कळेना की काय करावे. पाहिले नव्हते तेव्हा त्यांच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. आणि आता पाहिले होते, तर कुणी ठेवायला तयार नव्हते. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या एकदा वहीकडे आणि एकदा काकूंकडे पाहत होत्या. काकूंनी मान खाली घातली.

शेवटी चष्मेवाले तरातरा काठावर गेले. तिथे लव्हाळे कापणाऱ्या माणसाची सपाट होडी लागलेली होती आणि तो तीत बसून गंमत बघत होता.

"बेटापर्यंत न्या मला."

काठावर एकच ओरडा झाला. "पक्ष्याला हात लावायचा नाही." "उडून जाईल तो." "अडवा कुणीतरी." पोस्टमास्तर तर होडीचे टोक धरून गुडघाभर पाण्यात उतरले आणि थंडीने तसेच बाहेर आले. होडीवाल्याने बांबू टेकला आणि होडी सुटली.

मधे आल्यावर पुन्हा वारा उठला. होडी डुगडुगत होती, स्कार्फची टोके फडफडत होती आणि चष्मेवाल्यांनी दोन्ही बाजू घट्ट धरून ठेवल्या होत्या.

"टोपीच आहे ना ती?" त्यांनी होडीवाल्याला विचारले. आता त्यांना स्वतःचीही खात्री वाटेना.

"टोपीच. मी सकाळीच पाहिली उडून आली तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं नाही," होडीवाला म्हणाला. "सगळे तुम्हालाच विचारत होते."

बेटाशी गेल्यावर होडीवाल्याने बांबूने काडी खाली दाबली. चष्मेवाल्यांनी हात लांब करून टोपी उचलली, तिच्यातले पाणी झटकले आणि काठाकडे तोंड करून, स्कार्फवरूनच, ती डोक्यावर घातली. होडीच्या हालचालीने घाबरून तळ्यावरची सगळी बदके, पाणकावळे आणि बगळे एकाच वेळी उठले, डोक्यावरून एक मोठा फेरा घेतला आणि डोंगरापलीकडे निघून गेले. फोटोग्राफरने एक फोटो काढला. तो मात्र अगदी स्पष्ट आला, असे नंतर कळले.

परत आल्यावर चष्मेवाले ओल्या टोपीने बाईंसमोर उभे राहिले. बाईंनी पट्टी लावून नोंदीवर सरळ काट मारली, बाजूला 'टोपी' असे लिहिले आणि त्यांच्यापुढे वही धरली.

"आता सही करा," त्या म्हणाल्या. "मोजणी परत घेऊ येत्या रविवारी. मी फोन करते साहेबांना."

चष्मेवाल्यांनी सही केली. घरी जाताना त्यांनी रस्त्यात कुणालाच हात केला नाही.

सोमवारी सकाळी ते दुकान उघडायलाच तयार नव्हते. "कशाला उघडायचं?" ते म्हणाले. "ज्याला स्वतःला दिसत नाही त्याच्याकडं डोळे दाखवायला कोण येईल?" काकूंनी किल्ली घेतली आणि त्या एकट्याच निघाल्या, तेव्हा त्यांना मागोमाग जावे लागले. दुकानापाशी त्यांना एक लांबलचक काळा पट्टा दिसला.

"काय आहे ते?" त्यांनी विचारले. आता विचारायला हरकत नव्हती.

"माणसं," काकू म्हणाल्या. "रांग आहे."

सर्वांत पुढे पोस्टमास्तर होते. "सहज आलो," ते म्हणाले. मग इकडे तिकडे पाहून त्यांनी आवाज उतरवला. "काका, मला त्या टोपीचे पाय दिसले होते. दोन. जरा तपासून बघा." त्यांच्यामागे चोच पाहणारा होता, त्याच्यामागे रेघा पाहणारा. ज्याने ओरडणे ऐकले होते त्यालाही रांगेत बघून चष्मेवाल्यांनी त्याला दोन गल्ल्या सोडून असलेल्या कानाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. फोटोग्राफर तर चेहरा मफलरमध्ये झाकून आला होता. "माझं पोट डोळ्यांवर आहे," तो म्हणाला. "कुणाला बोलू नका."

चष्मेवाल्यांनी त्या दिवशी दुपारपर्यंत एकतीस जणांचे डोळे तपासले. पोस्टमास्तरांचा नंबर होता तोच होता. बाकी कुणाच्याही डोळ्यांत काहीही दोष नव्हता. प्रत्येकाला त्यांनी तसे सांगितले आणि प्रत्येकाचा चेहरा अधिकच पडला.

शेवटी बाई आल्या. त्या खुर्चीत ताठ बसल्या आणि तक्त्याची शेवटची, मुंगीएवढी ओळसुद्धा त्यांनी न अडखळता वाचली.

"तुमची नजर उत्तम आहे बाई."

"मग मला पिवळा डोळा का दिसला?"

चष्मेवाल्यांनी तपासणीची चौकट पुसायला घेतली. "मी सांगितला म्हणून," ते म्हणाले. "चुकलं माझं."

"तुमचं चुकलंच," बाई म्हणाल्या. "पण मी विज्ञान शिकवलंय पस्तीस वर्षं. माझंही चुकलं." त्या उठल्या आणि दारापाशी थांबल्या. "सगळ्यांना दिसत होतं तेव्हा नाही म्हणालात तुम्ही. रविवारी सहा वाजता या. दुर्बीण घ्या या वेळी."

त्या गेल्यावर काकूंनी दाराची पाटी उलटी फिरवली आणि खुर्चीकडे बोट दाखवले. चष्मेवाले निमूट बसले. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत धडाधड म्हणून दाखवला. तो त्यांना तीस वर्षांपासून पाठ होता. काकूंनी तक्ता काढला, एका जुन्या कॅलेंडरच्या मागे स्वतःच्या हाताने अक्षरे लिहिली, भिंतीला लावली आणि म्हणाल्या, "आता वाचा." पहिल्या ओळीनंतर त्यांना काहीच वाचता आले नाही. मग काकूंनी एकेक काच घातली, काढली, बदलली. इतकी वर्षे शेजारी उभे राहून बघितलेले काम त्यांना न शिकवताच येत होते.

चौकट निवडायला मात्र चष्मेवाल्यांनी अर्धा तास लावला. ही नाकावर घसरते, ही फार काळी, हिच्यात मी हेडमास्तर वाटतो. अशा गिऱ्हाइकांना ते मनातून नेहमी वैतागत. काकूंनी न कंटाळता सतरा चौकटी पुढे केल्या आणि अठरावी त्यांच्या नाकावर ठेवून आरसा धरला.

"ही घ्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या चेहऱ्याला हीच शोभून दिसते. दहा वर्षांनी लहान वाटताय."

हे वाक्य चष्मेवाले स्वतः रोज निदान पाच जणांना सांगत आले होते. त्यात खरे किती आणि धंद्याचे किती, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी आरशात डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले.

"खरंच?" त्यांनी विचारले.